विरळ हवा आणि वैमानिकाची परीक्षा

ज्या १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्याच सालच्या १५ एप्रिलला पॅरिसमधील ला विलेट येथील गॅसच्या कारखान्यातून 'झेनिथ' नावाचे एक बलून आकाशात चढले. त्याच्या टोपलीत तिघे होते : सिव्हेल, क्रोसे-स्पिनेली आणि तिसांदिए. बलून आठ हजार मीटरच्या वर गेले आणि दुपारनंतर सिराँ या खेड्याजवळ जमिनीवर उतरले, तेव्हा एकटा तिसांदिए जिवंत होता. दोघा सोबत्यांचे चेहरे काळे पडले होते. बरोबर नेलेल्या प्राणवायूच्या पिशव्या हाताशी होत्या. परंतु त्या तोंडाला लावण्याची वेळ आली तेव्हा हात उचलण्याचे बळच अंगात उरले नव्हते. मागाहून तिसांदिएने सांगितले की, त्या उंचीवर त्रास असा काही वाटत नाही. उलट मनाला एक प्रकारची प्रसन्नता वाटते, धोक्याचा विचारही शिवत नाही, आणि तेवढ्यात शुद्ध हरपते.

विरळ हवेत उडणाऱ्या माणसांच्या शरीरपरीक्षेचा इतिहास सांगताना आरंभ येथूनच करणे योग्य. कारण ही दोन माणसे अडाणी किंवा बेफिकीर नव्हती. प्राध्यापक पॉल बेर यांनी पॅरिसमध्ये हवेचा दाब कमी करता येईल अशी एक पोलादी कोठी बांधली होती. सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे दोघेही १८७४ साली त्या कोठीत बसून आले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर त्यांचे प्रशिक्षण झाले होते आणि ते परीक्षेला उतरले होते. तरी ते गेले. पुरेसा प्राणवायू बरोबर नव्हता, आणि तो पुरणार नाही असे कळविणारे बेर यांचे पत्र त्यांच्या हाती वेळेवर पडले नाही. तेव्हा पहिली गोष्ट आपण मनाशी पक्की करून ठेवू : माणूस कितीही धडधाकट असो, साधन अपुरे असेल तर त्याचे धडधाकटपण त्याला वाचवीत नाही.

या कोठीचे शास्त्र अवघड नाही. हवेत प्राणवायूचा वाटा सुमारे एकवीस टक्के असतो, आणि वर जाऊ तरी हा वाटा तेवढाच राहतो. कमी होतो तो हवेचा दाब. अठरा हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो; म्हणजे प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा प्राणवायूही निम्मा होतो. बेर यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात हेच सिद्ध केले. उंचीवरील माणसाला मारतो तो प्राणवायूचा तुटवडा. हे सिद्ध करताना त्यांनी आधी स्वतःला त्या कोठीत कोंडून घेतले, हे विसरता कामा नये. दाब उतरत गेला, नाडी जलद झाली, डोके जड झाले. मग प्राणवायू घेताच सारे पूर्ववत झाले. प्रयोग करणारा आणि प्रयोग सोसणारा येथे एकच होता.

दाबाचे दुसरे संकट बलूनवाल्यांच्या आधी मजुरांनी भोगले आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथे मिसिसिपी नदीवर आणि न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन येथे पूल बांधताना नदीच्या तळाशी केसन नावाच्या, खालून उघड्या असलेल्या अवाढव्य पेट्या उतरवीत. पाणी बाहेर राहावे म्हणून त्यांत दाबाची हवा भरलेली असे, आणि आत मजूर गाळ उपसत. पाळी संपवून वर आल्यावर त्यांच्या सांध्यांत असह्य कळा येत, कोणाचे पाय लुळे पडत, कोणी मरत. कमरेत वाकून चालणाऱ्या या माणसांमुळे त्या विकाराला 'बेंड्स' हे नाव पडले. दाबाखाली रक्तात आणि चरबीत विरघळलेला नत्रवायू दाब एकदम उतरला म्हणजे सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्याप्रमाणे बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो, हे त्याचे कारण. वर आकाशात चढणाऱ्या वैमानिकालाही हाच विकार होतो, कारण त्याच्याही अंगावरचा दाब उतरतच असतो. नदीच्या तळाचा गाळ आणि पस्तीस हजार फुटांवरचे निळे आकाश या दोन ठिकाणी माणसाचे रक्त एकाच नियमाने वागते.

ब्रुकलिनच्या कामावर अँड्र्यू स्मिथ नावाचे डॉक्टर नेमलेले होते. केसनमध्ये उतरू पाहणाऱ्या नव्या मजुराला ते तपासीत आणि हृदयाचा वा फुप्फुसांचा आजार असलेल्याला परत पाठवीत. दाबात जाण्यापूर्वी माणसाला तपासून घ्यावे, ही रीत अशी मजुरांच्या कामावर रुळली. परंतु तपासून घेतलेल्या या मजुरांमध्येही स्मिथ यांनी उपचार करावे लागलेले ११० रोगी नोंदले. पुलाचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोब्लिंग हाही याच विकाराने जन्माचा अधू झाला. मजुरांनी काय केले? १८७२ च्या मे महिन्यात त्यांनी संप पुकारला आणि चार तासांच्या दिवसाला तीन डॉलर मागितले. कंपनीने कामावरून काढण्याची धमकी देऊन तो मोडला. डॉक्टर माणूस पारखून घेत होता. पण तो किती वेळ खाली राहणार आणि किती हळू वर येणार, हा खरा प्रश्न डॉक्टरच्या खोलीत सुटणारा नव्हताच. तो सुटण्यास १९०८ साल उजाडावे लागले. त्या साली जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडच्या आरमारातील पाणबुड्यांसाठी टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके तयार केली. हेच हाल्डेन कोळशाच्या खाणींतील विषारी हवेने मजूर कसे मरतात याचा शोध घेत खाणीखाणींतून हिंडले होते. खाणीत पिंजऱ्यातून लहान प्राणी किंवा पक्षी न्यावा, म्हणजे माणसाच्या आधी त्याला विषबाधा होऊन धोका कळेल, ही सूचना त्यांचीच. त्यांनीही विषारी वायू आधी स्वतः हुंगून पाहिले.

पहिल्या महायुद्धात विमान हे लढाईचे हत्यार झाले आणि वैमानिक हजारांनी भरती होऊ लागले. अमेरिकेने १९१८ च्या आरंभी न्यूयॉर्कजवळ मिनिओला येथे वैमानिकांच्या शरीराची परीक्षा करणारी प्रयोगशाळा उघडली. येल विद्यापीठाचे यँडेल हेंडरसन यांनी तिच्यासाठी एक यंत्र बनविले. खाणीतील बचावकार्याच्या उपकरणांचा त्यांचा आधीचा अभ्यास येथे कामी आला. उमेदवाराने एका बंदिस्त टाकीतील तीच ती हवा पुन्हापुन्हा श्वासावाटे घ्यायची. उच्छ्वासातील कर्बवायू रसायनाने शोषून घ्यायचा. अर्ध्या तासाच्या आसपास त्या हवेतील प्राणवायू हळूहळू घटत जाई, जणू उमेदवार खुर्चीत बसल्याबसल्या पर्वत चढत आहे. शेजारी डॉक्टर नाडी आणि रक्तदाब पाही. दुसरा एक परीक्षक त्याला दिवे विझविण्यासारखी कामे करावयास लावून लक्ष कधी ढळते हे टिपून ठेवी. ज्याने शेवटपर्यंत टिकाव धरला त्याला कोणत्याही उंचीवर जाण्याची मुभा, ज्याने मध्येच मान टाकली त्याला खालच्या उंचीची मर्यादा, अशी प्रतवारी करीत. दाब न बदलता फक्त प्राणवायू कमी करण्याची ही युक्ती लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी ती पुन्हा भेटणार आहे.

त्याच काळात अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय पुस्तकांतून एक आकडा फिरू लागला. इंग्लंडचा अनुभव म्हणून तो सांगितला जाई : शंभर वैमानिक दगावले तर दोन शत्रूच्या हातून, आठ विमानाच्या दोषामुळे आणि नव्वद वैमानिकाच्या स्वतःच्या उणिवेमुळे. या आकड्याच्या जोरावर वैमानिकांच्या वैद्यकाला पैसा आणि मान मिळाला, आणि त्यातून पुष्कळ जीव वाचले हे मान्य केलेच पाहिजे. तरीपण कारखान्याच्या फाटकावर आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा आकडा ओळखीचा वाटतो. यंत्रात हात गेला की चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द लिहिलेले असतातच. त्या नव्वदांतल्या किती जणांना प्राणवायूची नळी मिळाली होती? किती जण पुरेशी झोप घेऊन उडाले होते? 'उणीव' हा शब्द एकदा माणसाला चिकटविला म्हणजे हे प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही. झेनिथमधील दोघांनाही या हिशेबात नव्वदांतच घातले असते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत बाँबफेकी विमाने पंचवीस-तीस हजार फुटांवरून जाऊ लागली. पंचवीस हजार फुटांवर मुखवटा निसटला तर माणसाला शहाणपणाने काही करता येईल असा अवधी तीन ते पाच मिनिटांचा. पस्तीस हजारांवर अर्ध्या ते एका मिनिटाचा. तेव्हा केवळ उमेदवाराची पारख करून भागेना. प्रत्येक वैमानिकाला विरळ हवेचा अनुभव जमिनीवरच देणे भाग पडले, आणि दाब उतरविण्याच्या कोठ्या प्रशिक्षणाचे साधन बनल्या. परीक्षेचा अर्थ येथे बदलला. आता तिने विचारायचे ते असे : आज, या घटकेला, या माणसाला कोठीत घातले तर त्याला इजा होईल काय?

त्याच वर्षांत ही कोठी कशासाठी वापरली गेली हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४२ साली जर्मनीतील डाखाउ येथील छळछावणीत अशीच एक कोठी आणून उभी केली गेली. झिगमुंड राशर नावाच्या डॉक्टरने सुमारे दोनशे कैद्यांना तिच्यात घालून दाब उतरविला. खटल्यातील साक्षीप्रमाणे सत्तर ते ऐंशी माणसे त्यात मेली. त्यांची संमती कोणी विचारली नाही, आणि 'थांबवा' म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता. न्यूरेम्बर्ग येथे १९४६-४७ साली डॉक्टरांवर जो खटला चालला, त्याच्या निकालपत्रात माणसावरील प्रयोगांचे दहा नियम घालून दिले आहेत. पहिला नियम स्वेच्छेच्या संमतीचा. आणि प्रयोग सोसणाऱ्याला तो मध्येच थांबविण्याची मोकळीक असली पाहिजे, असाही एक नियम आहे. पुढे अमेरिकेत अंतराळवैद्यकाचे जनक म्हणून गौरविले गेलेले जर्मन शास्त्रज्ञ ह्युबर्टस स्ट्रुगहोल्ड यांच्या नावाचा पुरस्कारही, त्या काळाशी असलेल्या त्यांच्या संबंधावरून वाद होऊन २०१३ साली बंद करण्यात आला. बेर आणि हाल्डेन स्वतः कोठीत शिरले. डाखाउच्या डॉक्टरने दुसऱ्यांना ढकलले. यंत्र तेच, दाब मोजण्याचा काटाही तोच. फरक एवढाच की, आत बसलेल्या माणसाला 'नाही' म्हणता येत होते की नाही.

आज ही तपासणी कशी होते ते थोडक्यात सांगतो. आपल्या देशात या शास्त्राचे मुख्य पीठ बंगळूर येथे आहे. १९५७ साली वायुदलाने स्थापन केलेली ही वैमानिक वैद्यकाची शाळा आता अंतराळ वैद्यकाची संस्था म्हणून ओळखली जाते. कोठी कोणत्याही देशातील असो, आत जाण्यापूर्वीचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. सर्दी आहे काय? नाक दाबून फुंकर मारल्यावर दोन्ही कान मोकळे होतात काय? दात किडला आहे काय, वा नुकताच भरला आहे काय? गेल्या चोवीस तासांत समुद्रात बुडी मारली आहे काय? रक्तदान केले आहे काय? मद्य घेतले होते काय, झोप झाली काय? फेफरे, हृदयविकार, दमा, पंडुरोग यांपैकी काही आहे काय? यांतला एकही प्रश्न वायफळ नाही. दाब उतरला म्हणजे अंगातील कोंडलेली हवा फुगते. सर्दीने बंद झालेला कान, कपाळाच्या हाडातील पोकळी, दाताखाली अडकलेला हवेचा थेंब, प्रत्येक जागा कळ मारते, आणि पडदा फाटूही शकतो. रक्त कमी असेल तर प्राणवायू वाहून नेणारे हमालच कमी पडतात. आदल्या दिवशी बुडी मारलेल्याच्या अंगात जादा नत्रवायू शिल्लक असतो.

या प्रश्नांतून पार पडलेल्याला प्रथम पाच-सहा हजार फुटांपर्यंत चढवून पुन्हा उतरवितात आणि कान पाहतात. मग सुमारे अर्धा तास शुद्ध प्राणवायू श्वासावाटे देऊन अंगातील नत्रवायू धुवून काढतात. त्यानंतर पंचवीस हजार फुटांची चढण. तेथे जोडीतल्या एकाने मुखवटा काढायचा, दुसऱ्याने त्याच्यावर नजर ठेवायची. कागदावर साधी बेरीज-वजाबाकी करायला देतात; दोन-तीन मिनिटांत अक्षर वेडेवाकडे होते, नखे निळसर पडतात, कोणी विनाकारण हसू लागतो. प्रत्येकाची लक्षणे निराळी, आणि आपली लक्षणे ओळखणे हेच शिक्षण. तिसांदिएला आलेली ती प्रसन्नता हा शत्रूचा पहिला पाहुणचार आहे, हे वैमानिकाला येथे कळते. अलीकडे काही ठिकाणी दाब न बदलता मुखवट्यातून कमी प्राणवायूची हवा देणारी यंत्रे वापरतात. म्हणजे हेंडरसन यांची जुनी युक्ती नव्या रूपात परत आली. कानाचा आणि बुडबुड्यांचा धोका त्यात टळतो. माणूस गाळण्याऐवजी धोकाच गाळून टाकण्याचा हा मार्ग मला अधिक सुसंस्कृत वाटतो.

आता या इतिहासातील जो भाग आपल्या महाराष्ट्राच्या दाराशी येऊन ठेपतो, त्याकडे वळतो. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमधील फोर्ट ब्लिस येथे चार कृष्णवर्णीय रंगरूट कवायतीच्या श्रमानंतर मृत्यू पावले. छावणी चार हजार फुटांच्या आसपास होती, आणि चौघेही सिकलसेलचे वाहक निघाले. वाहक म्हणजे रोगी नव्हे. आईबापांपैकी एकाकडून ती खूण आलेली असते. तो माणूस सामान्यतः निरोगी असतो. परंतु प्राणवायू फार कमी पडला तर अशा माणसाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊ शकतात, ही भीती निराधार नव्हती. तिच्यामुळे अमेरिकेच्या वायुदलाच्या अकादमीचे दार वाहकांना बंद झाले. ही खूण तेथे मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळते. म्हणून रक्ताच्या एका थेंबाने वर्णाचे काम केले. दावा दाखल झाला, ओरड झाली आणि १९८१ साली बंदी उठली. पुढे सर्वच सैनिकांना पाणी, विश्रांती आणि उन्हाबाबत दक्षता सक्तीची झाली. २०१६ साली जवळजवळ अठ्ठेचाळीस हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. श्रमाने स्नायू मोडण्याचा विकार वाहकांत अधिक दिसला. पण त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण इतरांहून अधिक आढळले नाही. सर्वांना दिलेले पाणी आणि विसावा असेल, तर ही खूण माणसाला मरणाच्या अधिक जवळ नेत नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो.

ही खूण आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट, नंदुरबार या मुलखांत, विशेषतः आदिवासी आणि दलित समाजांत, पुष्कळ आढळते. हिवतापाच्या प्रदेशात ती का टिकून राहिली याचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी दिले : वाहकाला हिवतापापासून काही अंशी संरक्षण मिळते. रक्ताच्या अशा आनुवंशिक विकारांविषयी हा तर्क १९४९ साली मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. खाणीत हिंडणाऱ्या त्या हाल्डेनांचे हे चिरंजीव. बापाप्रमाणेच दाबाच्या कोठीत स्वतः बसणारे, १९५७ साली भारतात येऊन राहिलेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निधन पावलेले. तेव्हा जी खूण पिढ्यान्‌पिढ्या जंगलातील लेकरांचे हिवतापापासून रक्षण करीत आली, तीच आता नोकरीच्या दारात दोष म्हणून मोजली जाणार काय, हा प्रश्न उभा राहतो.

१ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी करण्याचा तिचा संकल्प आहे, आणि तपासलेल्यास कार्ड मिळते. मोहीम आवश्यक आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ते कार्ड खिशात घेऊन एटापल्लीची किंवा धडगावची एखादी मुलगी उद्या वैमानिक होण्यास निघाली, तर ते कार्ड तिला अधिक काळजीने वागवा असे सांगणारे ठरेल, की परत पाठवा असे सांगणारे? याचे उत्तर रक्तात सापडणार नाही. नियम लिहिणाऱ्याच्या मनात सापडेल.

आणि भय असले म्हणजे माणूस लपवितो. सर्दी झालेला वैमानिक कोठीच्या दारात 'काही नाही' म्हणतो, कारण नाव मागे पडेल. मोठा आजार असलेला तर परवाना आणि घरची चूल दोन्ही जातील म्हणून गप्प बसतो. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्ज कंपनीचे विमान सहवैमानिकाने आल्प्समध्ये जाणूनबुजून पाडले आणि दीडशे माणसे मेली. त्याचा आजार मनाचा होता, विरळ हवेचा नव्हता. परंतु तो त्याने मालकापासून लपविला होता. फ्रान्सच्या चौकशी अहवालाने परवाना आणि उत्पन्न जाण्याच्या भीतीकडे बोट दाखविले, आणि वैमानिकांना एकमेकांजवळ मन मोकळे करता यावे अशी व्यवस्था सुचविली. युरोपात ती २०२१ पासून विमानकंपन्यांवर बंधनकारक झाली. परवाना गेल्यास भरपाई देणारा विमा वैमानिकांच्या संघटनांनी यापूर्वीच उभारला होता. मजूर संघटनेचे काम केवळ पगारवाढीचे असते असे समजणाऱ्यांनी हे पाहावे. खरे बोलणाऱ्याची भाकर सुरक्षित ठेवली, तरच डॉक्टरला खरे उत्तर मिळते.

दीडशे वर्षांच्या या हकिगतीचे तात्पर्य मला असे दिसते. तपासणी हवीच, तिच्यावाचून माणसाला विरळ हवेत पाठविणे हा गुन्हा आहे. पण ती प्रामाणिक असण्यास तीन अटी आहेत. तिने अपुऱ्या साधनांवर पांघरूण घालू नये. तपासल्या जाणाऱ्याला 'आज नाही' म्हणण्याचा अधिकार असावा, आणि तो वापरल्याबद्दल त्याच्या नावापुढे काळी रेघ पडू नये. आणि जो परीक्षेला उतरला नाही, त्याला दुसरे काम, उपचार आणि पोटापुरते मिळावे. या तीन अटी पाळल्या तर डॉक्टरच्या हातातील नळी ही कामगाराच्या बाजूची ठरते. नाहीतर ती फाटकावरच्या रखवालदाराच्या दंडुक्याहून वेगळी नाही. वैमानिक आकाशातला आणि केसनचा मजूर पाताळातला, दोघांनाही श्वासापुरती हवा देण्याची जबाबदारी त्यांना कामावर धाडणाऱ्याची असते. ती पार पडली काय, हे आधी तपासावे; माणसाची तपासणी त्यानंतर.